उजेडाचा कारभारी कोण?

एचडीआर चालू केलं की गेम आधीपेक्षा वाईट दिसतो, ही तक्रार चिंचवड, मोशी, रावेत, चाकण या पट्ट्यात नवा टीव्ही आणि नवा कन्सोल घेतलेल्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे, की आता तिचं नवल वाटत नाही. आकाश राखाडी पडतं, गुहेत शिरलं की काहीच दिसत नाही, नाहीतर सगळंच इतकं भगभगीत होतं की डोळ्यांवर येतं. मग रिमोट हातात घेऊन ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, कलर, जे सापडेल ते वरखाली करणं सुरू होतं. तासाभराच्या खटपटीनंतर चित्र सुधारत नाही, नुसतं वेगळ्या तऱ्हेनं बिघडतं. शेवटी 'व्हिव्हिड' मोड लावून माणूस खेळायला बसतो आणि एचडीआर हे दुकानदारांनी काढलेलं खूळ आहे असं ठरवून मोकळा होतो.

खूळ ते नाही. खोट बहुतेक वेळा टीव्हीतही नसते आणि कन्सोलमध्येही नसते. खोट असते ती कामाच्या वाटणीत. पडद्यावरचा कुठला ठिपका किती उजळ दिसावा हे गेम ठरवतो, कन्सोलही ठरवतो आणि टीव्हीही ठरवतो. तिघांनी एकाच वेळी कारभार हाती घेतला की हिशेब चुकतो. एचडीआरच्या सेटिंगचा सगळा प्रश्न मला तरी एवढाच वाटतो, की कारभार एकाकडे द्यायचा आणि बाकीच्यांना गप्प बसवायचं. हे कसं करायचं ते टीव्हीच्या मेनूत कुठे सरळ लिहिलेलं नसतं, म्हणून हा आढावा.

पडद्याचा उजेड निट या एककात मोजतात. जुन्या पद्धतीचं चित्र, ज्याला आता एसडीआर म्हणतात, ते १०० निटच्या पडद्यावर पाहून तयार केलं जातं. बाहेरच्या जगाचा हिशेब फार वेगळा आहे. भर उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या कागदाची उजळता तीस हजार निटच्या घरात जाते. रात्री पुणे-नाशिक रस्त्यावर मोशी सोडून चाकणकडे निघालात, तर दिवे नसलेल्या तुकड्यात डांबर एका निटच्याही खाली असतं आणि समोरच्या ट्रकचा अप्पर लाखांत असतो. डोळा हे दोन्ही एकाच नजरेत पाहतो, वैतागून का होईना. शंभर निटच्या चित्रात त्या हेडलाइटला आणि रस्त्याकडेच्या पांढऱ्या पाटीला जवळपास एकच पांढरा मिळतो. त्या दोघांत अंतर राखणं, हे एचडीआरचं काम. सगळं चित्र सरसकट उजळ करणं हे त्याचं कामच नव्हे, आणि इथेच पहिला अपेक्षाभंग होतो.

गंमत अशी की गेम्सना हे सिनेमाच्या पडद्याआधीपासून ठाऊक होतं. व्हॉल्व्ह या कंपनीनं २००५ मध्ये 'हाफ-लाइफ २ : लॉस्ट कोस्ट' हा छोटासा तुकडा मुख्यतः हेच दाखवायला काढला होता. पडद्याला झेपणार नाही इतका उजेड गेम आतल्या आत मोजून ठेवतो, आणि अगदी शेवटच्या टप्प्यात तो दाबून पडद्यात बसवतो. आजचे सगळे मोठे गेम असंच करतात. म्हणजे सूर्य, दिवा, सावली यांचे खरे आकडे कन्सोलच्या पोटात असतातच. बाहेर पडताना त्यांना शंभर निटच्या दारातून वाकून जावं लागे, एवढंच. २०१४ मध्ये डॉल्बीच्या संशोधनातून आलेली पीक्यू ही पद्धत एसएमपीटीई या संस्थेनं प्रमाण म्हणून स्वीकारली, २०१५ मध्ये तिच्यावर आधारलेलं एचडीआर१० जाहीर झालं, आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये एक्सबॉक्स वन एस बाजारात आला. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये एका अपडेटनं प्लेस्टेशन ४ सुद्धा एचडीआर देऊ लागला. आपल्याकडे प्लेस्टेशन ५ जगाच्या मागून, २ फेब्रुवारी २०२१ ला आला. डिस्कवाल्या मॉडेलची किंमत तेव्हा ४९,९९० रुपये होती.

पीक्यूमध्ये शून्यापासून १०,००० निटपर्यंतचा सगळा उजेड १०२४ पायऱ्यांत बसवलेला असतो. पायऱ्या सारख्या नसतात. अंधारातला बारीक फरक डोळा चटकन टिपतो, म्हणून जवळपास निम्म्या पायऱ्या पहिल्या शंभर निटच्या आतच खर्च होतात, आणि हजार निटपर्यंत पोचेस्तोवर तीन चतुर्थांश संपलेल्या असतात. महत्त्वाची गोष्ट अशी, की यातली प्रत्येक पायरी म्हणजे ठरावीक निट. एसडीआरमध्ये सिग्नल फक्त 'पूर्ण पांढरा' एवढंच सांगे, तो किती उजळ दाखवायचा हे टीव्ही आपल्या कुवतीप्रमाणे बघून घेई. पीक्यूमध्ये सिग्नल म्हणतो, इथे ८५० निट हवेत. टीव्हीची झेप ३०० निटची असेल तर त्यानं काय करायचं?

त्यानं जे करायचं त्याला टोन मॅपिंग म्हणतात. मोठ्या आकड्यांचा उजेड आपल्या मर्यादेत बसेल असा दाबायचा. सिनेमासाठी हे ठीक चालतं, कारण सिनेमा एकदाच तयार होतो आणि त्यातला सर्वांत उजळ ठिपका किती निटचा आहे ही नोंद चित्रासोबत टीव्हीकडे जाते. गेमचं तसं नाही. तो तुमच्यासमोर दर क्षणी नव्यानं तयार होतो. पुढच्या मिनिटाला तुम्ही तळघरात असाल की सूर्याकडे तोंड करून, हे गेमलाही आधी माहीत नसतं. मग टीव्ही अंदाजानं दाबतो. कन्सोलला आधीच कुणी खोटी माहिती दिली असेल तर गेम आपल्या परीनं एकदा दाबतो आणि त्यावर टीव्ही पुन्हा दाबतो. राखाडी आकाश आणि धुऊन निघालेले रंग बहुधा या दुहेरी दाबादाबीतून येतात.

यावर तोडगा म्हणून सोनी, मायक्रोसॉफ्ट, टीव्हीवाले आणि गेमवाले एकत्र आले आणि एचजीआयजी नावाचा गट झाला. त्यांनी सुचवलेली रीत साधी आहे. टीव्हीनं आपली खरी मर्यादा कन्सोलला कळू द्यावी, कन्सोलनं ती गेमला सांगावी, गेमनं त्या मर्यादेत चित्र बसवावं, आणि टीव्हीनं त्यानंतर हात लावू नये. एलजीनं २०१९ च्या टीव्हींपासून 'एचजीआयजी' असा पर्यायच मेनूत दिला. सोनीच्या ब्राव्हिआत 'एचडीआर टोन मॅपिंग' बंद करण्याची सोय आहे, आणि काही ब्राव्हिआ मॉडेलांना प्लेस्टेशन ५ ओळखून आपले आकडे आपोआप लावतो. नाव काहीही असो, शोधायचा तो पर्याय 'टीव्हीनं स्वतःची अक्कल वापरू नये' या अर्थाचा.

आता कन्सोलकडे. प्लेस्टेशन ५ मध्ये सेटिंग्जमधल्या 'स्क्रीन अँड व्हिडिओ'खाली 'अॅडजस्ट एचडीआर' आहे. त्यात एकामागून एक तीन पडदे येतात. पहिल्या दोन पडद्यांवर उजळ चिन्ह दिसतं, ते पार्श्वभूमीत विरून जेमतेम दिसेनासं होईपर्यंत बटण दाबत न्यायचं. दोनदा कशासाठी? पहिल्यात पडद्याचा छोटा भाग उजळलेला असतो, दुसऱ्यात सगळा पडदा. ओएलईडी टीव्ही छोट्या भागाला सात-आठशे निट देऊ शकतो, पण सगळा पडदा पांढरा झाला की विजेचा आणि उष्णतेचा विचार करून तो उजेड बराच खाली आणतो. गेमला दोन्ही आकडे लागतात. तिसरा पडदा काळ्याचा. ओएलईडीवर तो सरळ तळाला न्यावा. एलसीडीवर खोलीत अंधार करून, चिन्ह कुठे दिसायचं थांबतं ते बघून ठरवावा.

या तीन पडद्यांपाशी काय घोटाळा होतो, ते माझ्या भाच्याच्या मोशीतल्या फ्लॅटवर नीट बघायला मिळालं. तो चाकणला एका टूलरूममध्ये आहे. तिथे प्रत्येक मायक्रोमीटरवर, प्रत्येक गेजवर कॅलिब्रेशनचं स्टिकर असतं. शेवटचं कधी झालं, पुढचं कधी, कुणाची सही. तारीख उलटलेलं गेज हा गडी हातात धरत नाही. घरी मात्र पंचावन्न इंची टीव्ही खोक्यातून काढल्या दिवशी होता तसाच. "मामा, एचडीआर बंद केलं तर बरं दिसतं. मग एवढे पैसे कशाला मोजले?" हा त्याचा प्रश्न.

'ग्रॅन टुरिस्मो ७' लावला. संध्याकाळची शर्यत, समोर मावळतीचा सूर्य. सूर्य आणि त्याच्या भोवतीचे ढग मिळून एकच पांढरा डाग झाला होता. कन्सोलचं सेटिंग उघडलं तर तीन पडदे त्यानं मन लावून केले होते, पण टीव्ही 'स्टँडर्ड' मोडवर असताना. त्या मोडमध्ये टीव्हीचं डायनॅमिक टोन मॅपिंग चालू होतं. चिन्ह विरायला लागलं की टीव्ही त्याला सावरून घेई, त्यामुळे ते कधी नाहीसंच होईना, आणि तो बटण दाबत दाबत वरच्या टोकाला गेला होता. कन्सोलची समजूत अशी झाली, की हा टीव्ही हजारो निट देणारा आहे. मग टीव्ही गेम मोडवर घेतला, टोन मॅपिंग 'एचजीआयजी'वर ठेवलं आणि तिन्ही पडदे पुन्हा केले. चिन्ह या वेळी बरंच लवकर विरलं. शर्यत परत लावली. सूर्याची चकती ढगांतून सुटी झाली, ढगांना कडा आल्या आणि पुढच्या गाडीच्या बॉनेटवरची चकाकी वेगळी दिसू लागली.

"पण मामा, हे तर अंधारलं." अंधारलं होतंच. डायनॅमिक टोन मॅपिंग सगळं चित्र वर उचलून धरतं, ते गेल्यावर मधला उजेड खाली येतो. डोळा बसायला दोन-तीन दिवस लागतात. पुढच्या आठवड्यात त्यानं कळवलं, की आता जुनं सेटिंग लावलं तर दुकानातल्या टीव्हीसारखं वाटतं.

यातून निघणारा नियम एकच. आधी टीव्ही ज्या मोडवर खेळायचं त्या मोडवर आणायचा, मग कन्सोलचे पडदे करायचे. नंतर टीव्हीचा मोड बदलला तर पडदे पुन्हा करायचे. एक्सबॉक्समध्ये हेच काम 'कॅलिब्रेट एचडीआर फॉर गेम्स' करतं, तिथे चिन्हाऐवजी चौकटींचे नमुने येतात. विंडोजवर खेळणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचं 'विंडोज एचडीआर कॅलिब्रेशन' हे मोफत अॅप आहे.

टीव्हीच्या मेनूतल्या बाकीच्या गोष्टींत बरीच अडगळ आहे, ती भराभर बाजूला करू. वीज वाचवणारा मोड आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे पडदा मंद करणारा सेन्सर बंद. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, नॉइज रिडक्शन बंद. शार्पनेस शून्य किंवा टीव्हीचा जो तटस्थ आकडा असेल तो. लोकल डिमिंग, म्हणजे मागचा दिवा भागाभागानं मंद करण्याची सोय, असेल तर पूर्ण. कलर टेंपरेचर 'वॉर्म'वर. पांढरा सुरुवातीला पिवळट वाटेल, पण प्रमाण पांढरा त्याच्याच जवळचा असतो. बॅकलाइट एचडीआरमध्ये पूर्ण वर असावा, तो कमी केला की वरच्या पायऱ्याच कापल्या जातात. 'ब्राइटनेस' या नावाखाली मात्र जपून. काही ब्रँडांत त्याचा अर्थ मागच्या दिव्याची ताकद, काहींत काळ्याची पातळी. हलवून बघा. फक्त सावल्या हलल्या आणि उजळ भाग जागीच राहिला, तर ती काळ्याची पातळी आहे. तिला कंपनीनं दिलेल्या आकड्यावर परत ठेवा. आणि हे सगळं गेम एचडीआरमध्ये चालू असताना करा. एसडीआर आणि एचडीआर यांची सेटिंग टीव्ही वेगवेगळी साठवतो, त्यामुळे यूट्यूब लावून केलेली मेहनत गेममध्ये उतरत नाही.

केबल आणि पोर्टचा प्रश्न त्याहून जास्त वेळा नडतो. एचडीएमआय २.० मधून सेकंदाला १८ गिगाबिट जातात. फोर-के, ६० फ्रेम, ८ बिट आरजीबी एवढ्यालाच १७.८२ लागतात. म्हणजे १० बिटचं एचडीआर पूर्ण रंगमाहितीसह त्यात मावतच नाही, आणि कन्सोल रंगाची माहिती थोडी कमी करून वाययूव्ही ४२२ मध्ये पाठवतो. सोफ्यावरून हे डोळ्यांना सहसा कळत नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण पोर्टच बंद ठेवलेला असेल तर एचडीआर येतच नाही. बरेच टीव्ही खोक्यातून निघताना पोर्ट जुन्या सिग्नलवर ठेवतात. एलजीत 'एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर', सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', सोनीत 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट'मधला 'एन्हान्स्ड' हा पर्याय त्या पोर्टसाठी चालू करावा लागतो. प्लेस्टेशनच्या 'व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन'मध्ये आत्ता काय जातंय ते दिसतं. तिथे एचडीआर लिहिलेलं नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. आरजीबी रेंज दोन्हीकडे 'ऑटोमॅटिक' ठेवावी. एकीकडे 'फुल', दुसरीकडे 'लिमिटेड' अशी फारकत झाली की सावल्या तरी चिखल होतात नाहीतर धुकं.

एवढं करूनही गेमच्या आतली पट्टी उरतेच. चांगला गेम कन्सोलचे आकडे वाचतो आणि तुम्हाला काही विचारत नाही, किंवा मोजकं विचारतो. बाकीचे 'पीक ब्राइटनेस' आणि 'पेपर व्हाइट' असं दोन्ही विचारतात. पीक म्हणजे टीव्हीची कमाल, ती कन्सोलच्या पडद्यांवर जिथे चिन्ह विरलं त्याच्याच आसपास ठेवायची. पेपर व्हाइट म्हणजे साधा पांढरा कागद, भिंत, मेनूतली अक्षरं किती उजळ असावीत ते. आंतरराष्ट्रीय शिफारशीत हा आकडा २०३ निट आहे. अंधाऱ्या खोलीत त्याच्याही खाली चालतं. ही पट्टी वर ओढली की चित्र उजळ वाटतं, पण दिवा आणि भिंत यांतलं अंतर आटतं, म्हणजे ज्यासाठी एचडीआर घेतलं तेच जातं.

काही गेम मुळातच हुकलेले असतात, तिथे तुमच्या हातात फारसं काही नाही. सर्वांत गाजलेलं उदाहरण 'रेड डेड रिडेम्प्शन २'चं. २६ ऑक्टोबर २०१८ ला तो आला तेव्हा जगभर कौतुक झालं, आणि तंत्र बघणाऱ्यांनी काही दिवसांतच दाखवून दिलं की त्याचं एचडीआर म्हणजे एसडीआर चित्राला घातलेला मोठा सदरा आहे. सूर्याकडे बघा की कंदिलाकडे, उजेडाची मजल सारखीच. लोकांनी सेटिंग पिंजून काढली, कुणाला काही सापडलं नाही, कारण सापडण्यासारखं नव्हतंच. रॉकस्टारनं मे २०१९ च्या अपडेटमध्ये 'गेम' आणि 'सिनेमॅटिक' असे दोन एचडीआर पर्याय दिले, तेव्हा कुठे पहिल्या पर्यायात उजेड मोकळा झाला. एवढ्या मोठ्या स्टुडिओचं हे झालं. म्हणून एखादाच गेम वाईट दिसत असेल आणि बाकीचे छान, तर टीव्हीला हात लावू नका.

उलट टोकाला 'ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट'. २०१७ च्या या गेमसाठी पॉलिफोनी डिजिटलनं उजेडाचा हिशेब थेट १०,००० निटपर्यंत धरला, म्हणजे तेव्हाच्या कुठल्याही घरगुती टीव्हीच्या कितीतरी पुढे. रंगांवरही त्यांनी तितकीच मेहनत घेतली, कारण काही गाड्यांचे रंग जुन्या टीव्हीच्या रंगपट्ट्यात बसतच नव्हते. चाकण परिसरातल्या पेंट शॉपमध्ये काम केलेल्याला हे सांगावं लागत नाही. प्लास्टिकचा बंपर आणि पत्र्याचं दार एकाच रंगाचं दिसतं की नाही, हे तिथे वेगवेगळ्या कोनांतून यंत्रानं तपासतात. तो लाल घरच्या स्वस्त टीव्हीवर नारिंगीकडे झुकतो आणि त्याला सेटिंग कारण नसतं. पडद्याला तो लाल काढताच येत नाही.

इथे अवघड गोष्ट बोलावी लागते. या पट्ट्यात बहुतेक घरांत जो ४३ इंची टीव्ही आहे, त्याच्या खोक्यावर एचडीआर१० छापलेलं असतं. त्याचा अर्थ, तो एचडीआरचा सिग्नल ओळखतो. तो दाखवू शकतो, असा नाही. असे पडदे साधारण २५० ते ३५० निट देतात, मागचा दिवा सगळ्या पडद्याला एकच, लोकल डिमिंग नाही. आयपीएस पॅनेल असेल तर पांढऱ्या-काळ्याचं प्रमाण हजारास एकच्या आसपास, व्हीए असेल तर तिप्पट-चौपट बरं. रात्रीच्या दृश्यात एक दिवा उजळवायचा तर सगळा अंधारही राखाडी करावा लागतो. अशा टीव्हीवर एचडीआर बंद करून एसडीआर नीट लावणं, हाच माझा सल्ला आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अॅन एन्शंट एपिक' २०२० मध्ये सर्वांत आधी निन्टेंडो स्विचवर आला, आणि त्या कन्सोलला एचडीआर नव्हतंच. राजस्थानी वाड्यांच्या कोरीव भिंती, मशाली, निळसर रात्र. रंगसंगती नेटकी असली की शंभर निटही पुरतात. प्लेस्टेशनवर एचडीआर पूर्ण बंद करता येतं, किंवा फक्त एचडीआर असलेल्या गेमपुरतं चालू ठेवता येतं. मधल्या प्रतीच्या टीव्हीवाल्यांनी हा दुसरा पर्याय घ्यावा. नाहीतर जुने एसडीआर गेमही एचडीआरच्या आवरणात येतात आणि फिके पडतात.

पैसे असतील तर ते कुठे घालायचे? आकाराआधी पॅनेलवर. ५५ इंची साध्या एलईडीपेक्षा लोकल डिमिंगचे भरपूर झोन असलेला लहान मिनी-एलईडी किंवा ओएलईडी गेमसाठी केव्हाही सरस. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यानं फरक थोडा कमी झाला आहे. दुकानात मात्र टीव्ही 'स्टोअर मोड'वर, ट्यूबलाइटच्या झगझगाटात, निर्मात्यानं खास निवडलेल्या फुलपाखरांसह चालू असतो. त्यावरून काही ठरवू नये. विक्रेत्याला एखादं रात्रीचं दृश्य लावायला सांगा आणि काळ्या भागाकडे बघा.

खोलीचा विषय परदेशी मार्गदर्शकांत एका ओळीत उरकतात, आपल्याकडे तो मोठा आहे. एचडीआरचं चित्र तयार करणाऱ्यांच्या खोलीत भोवतालचा उजेड ५ निट असावा, अशी शिफारस आहे. म्हणजे जवळजवळ अंधार. आपला हॉल म्हणजे बाल्कनीचं सरकतं काचेचं दार, समोरच्या भिंतीवर टीव्ही, वर ट्यूब. त्यात शिफ्टचं जगणं. थर्ड शिफ्ट करून सकाळी आलेला, झोप काढून दुपारी तीनला खेळायला बसतो. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, तीही दिवसाच. पीक्यूमध्ये प्रत्येक पायरीचे निट ठरलेले असल्यामुळे खोली उजळली म्हणून चित्र आपसूक उजळत नाही, आणि पायऱ्यांचा तो अंधारातला निम्मा भाग खिडकीच्या प्रतिबिंबात बुडून जातो. जाड पडदा हा यावरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय. तो शक्य नसेल तर गेममधला पेपर व्हाइट दिवसा वर न्यावा, रात्री खाली आणावा. आणि ज्या डायनॅमिक टोन मॅपिंगला मी वर नावं ठेवली, ते उजळ खोलीत चालू केलं तर मी दोष देणार नाही. चित्र चुकीचं होतं खरं, पण दिसतं. तिथे उजेडाचा कारभार टीव्हीकडे गेला, हे माहीत असलं म्हणजे पुरे. कन्सोलचे पडदे मात्र एचजीआयजीवर असताना केलेलेच राहू द्यावेत.

पर्यायी पद्धतींबद्दल थोडक्यात. डॉल्बी व्हिजन दृश्यागणिक मेटाडेटा पाठवतं, गेमसाठी ते २०२१ पासून एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस वर आहे, प्लेस्टेशन ५ वर गेमसाठी नाही, आणि सॅमसंगच्या टीव्हीत ते मुळीच नसतं. सॅमसंगचा भर एचडीआर१०+ गेमिंगवर आहे. एक्सबॉक्सचं ऑटो एचडीआर जुन्या गेमना नवा उजेड देतं, काहींना तो शोभतो, काहींत आरोग्यपट्टीच सूर्यापेक्षा जास्त चमकते. एचडीएमआय २.१ए मध्ये २०२२ च्या सुरुवातीला आलेली एसबीटीएम ही सोय दाबण्याचं काम कन्सोलकडेच सोपवायची भाषा करते, म्हणजे एचजीआयजीचाच विचार, केबलच्या प्रमाणात लिहिलेला. आणि बीजीएमआयच्या ग्राफिक्समध्ये स्मूथ, बॅलन्स्डच्या रांगेत जो 'एचडीआर' पर्याय दिसतो, त्याचा या सगळ्याशी संबंध नाही. ती मोबाइलवरच्या चित्राच्या प्रतीची एक पायरी आहे. कंपनीच्या बसमध्ये त्यावर खेळणाऱ्यांनी घरचा टीव्ही घेताना तो अनुभव हिशेबात धरू नये.

शेवटचं एक बटण. सेटिंग झाल्यावर बरेच टीव्ही विचारतात, हे सगळ्या इनपुटना लावू का? नाही म्हणा. टीव्ही तुमच्या एकट्याचा नसतो. वॉर्म रंग, शून्य शार्पनेस आणि गेम मोड सेट-टॉप बॉक्सच्या पोर्टवर गेले, की संध्याकाळी मालिका लागताच "याचा रंग का गेला?" अशी हाक स्वयंपाकघरातून येते, आणि जो पहिला हात रिमोटवर पडतो तो सगळं 'व्हिव्हिड'वर नेतो. कन्सोलचा पोर्ट वेगळा ठेवा, त्याला नाव द्या, आणि सेटिंग तेवढ्याच पोर्टपुरती जतन करा.